हजेरीपटावरची ओळ

दहावीच्या गुणपत्रिकेवर आपले नाव आडनावापासून सुरू होते. आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. घरात मात्र आपल्याला कोणी आडनावाने हाक मारत नव्हते. मोहल्ल्यात आपण अमक्या मास्तरांचा मोठा किंवा तमक्या काकूंची धाकटी होतो. आडनाव रोज मोठ्याने ऐकू आले ते शाळेत, हजेरीच्या वेळी. त्याच्या पहिल्या अक्षरावरून हजेरी क्रमांक ठरला. क्रमांकावरून टाटपट्टीवरची आणि पुढे बाकावरची जागा ठरली, प्रयोगशाळेतला जोडीदार ठरला, तोंडी परीक्षेची वेळ ठरली. बोर्डाच्या परीक्षेत कोणत्या खोलीत बसायचे तेही बहुतेक त्यावरूनच ठरले.

आदरणीय गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो, इतक्या वर्षांनी भेटल्यावरही "तुझा नंबर माझ्या मागे होता ना?" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत निघतो. नंबर आठवतो, कारण त्या नंबराने आपले बालपण मांडले होते. ही ओळ आली कुठून, ती येण्याआधी माणसांची मांडणी कशी होत असे, या ओळीने आपल्याला काय दिले आणि कोणाचे काय घेतले, याचा हा आढावा. आठवणींचे लेख या स्मरणिकेत बरेच आहेत. हा थोडा इतिहासाचा.

आडनाव नसलेल्या नोंदी

आपल्या जिल्ह्यातील नावांच्या सर्वांत जुन्या नोंदी शोधायच्या तर पवनीला जावे लागते. १९६९-७० मध्ये तेथे झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. स्तूपाच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांहून अधिक जुनी ही नावे. त्यांत आज आपण ज्याला आडनाव म्हणतो तसे काही नाही, आणि ती कोणत्या अक्षरक्रमाने लावलेलीही नाहीत. ज्याने जो दगड दिला, त्या दगडावर त्याचे नाव.

तेथून थेट आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात येऊ. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि भंडारा त्यात गेला. १९५६ पर्यंत आपला जिल्हा त्याच व्यवस्थेत होता. त्या काळातले कोतवाल बुक किंवा शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना तिथली भाषा आठवेल. अमुक वल्द तमुक, जात अमुक, राहणार अमुक. आडनावाची जागा अनेकदा रिकामीच. माणूस ओळखला जाई तो बापाच्या नावाने, गावाने आणि जातीने. जातीला स्वतंत्र रकाना होता, आडनावाला नव्हता.

आपल्यापैकी अनेकांनी मुलांच्या जात पडताळणीसाठी ही जुनी रजिस्टरे धुंडाळली आहेत. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. तहसील कचेरीत तो शोधताना लक्षात येते की या नोंदी तारखेच्या क्रमाने आहेत. आजोबांचे नाव हवे असेल तर आधी साल ठाऊक हवे. साल ठाऊक नसेल तर पानामागून पान उलटत बसायचे. नाव आहे, पण ते सापडावे अशी ओळ नाही. अक्षरक्रमाची किंमत काय असते हे अशा एखाद्या दुपारी कळते.

गट आधीही होते

आडनावे कागदावर नव्हती म्हणून लोकांच्या मनातही नव्हती, असे मात्र नाही. लग्न जुळवताना ती नेमकी उपयोगी पडत. गोंड समाजात कुळांची वाटणी देवांच्या संख्येवर आहे. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे गट असतात. एका गटातली सगळी आडनावे एकमेकांची भाऊ, म्हणून त्यांच्यात सोयरीक होत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातले पोवार आपली छत्तीस कुळे सांगतात. म्हणजे आडनावावरून माणसांचे गट करण्याची रीत आपल्याकडे कचेरी आणि शाळा येण्याच्या आधीपासून आहे. फरक इतकाच, की त्या गटांना अर्थ होता. कोण आपला, कोण परका, कोणाकडे मुलगी द्यायची, कोणाकडे नाही, हे त्यातून ठरत असे.

अक्षरांचे गटही आपल्याकडे तयारच होते. इंग्रजी ए-बी-सीच्या क्रमाला आवाजाचे असे कोणतेही कारण नाही. ए नंतर बी का, याचे उत्तर फक्त "परंपरा" एवढेच. आपली वर्णमाला मात्र तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली आहे. क-वर्ग कंठातून, च-वर्ग टाळूतून, ट-वर्ग जीभ वर वळवून, त-वर्ग दातांपाशी, प-वर्ग ओठांतून. पाच वर्ग, प्रत्येकात पाच वर्ण, मग य र ल व, श ष स ह आणि ळ. पहिलीत बाईंनी पाठ करून घेतले तेव्हा हे शास्त्र आहे हे आपल्याला कुठे ठाऊक होते!

गंमत अशी, की इतकी सुरेख मांडणी हाताशी असून जुन्या लोकांनी नावे किंवा शब्द शोधण्यासाठी ती फारशी वापरली नाही. अमरकोशातले शब्द विषयवार आहेत. स्वर्गाचे एकीकडे, पाताळाचे दुसरीकडे. त्यातल्या अनेकार्थी शब्दांच्या भागात अक्षराचा आधार घेतला आहे, पण तो शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाचा. कोश पाठ करायचा असे, उघडून पाहायचा नसे. पाठांतराला शेवटचे अक्षर सोयीचे, शोधायला पहिले.

पहिल्या अक्षरावरून माणसांची वाटणी झाली ती पंचांगात. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, एकूण १०८, आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. अश्विनीला चू, चे, चो, ला. शिवाय गुणमेलनात आठ वर्ग मानतात. अ-वर्ग गरुड, क-वर्ग मार्जार, च-वर्ग सिंह, ट-वर्ग श्वान, त-वर्ग सर्प, प-वर्ग मूषक, य-वर्ग मृग आणि श-वर्ग मेष. आपल्यापासून पाचवा तो वैरी. म्हणून गरुडाला सर्प चालत नाही आणि मांजराला उंदीर. या हिशेबाने क ने नाव सुरू होणाऱ्या मुलाचे प ने सुरू होणाऱ्या मुलीशी जमू नये. आपल्या वर्गातल्या निदान एका जोडप्याने हा सिद्धान्त खोटा ठरवला आहे. ते दोघे या मेळाव्याला येत आहेत, म्हणून अधिक लिहीत नाही.

अकारविल्हे म्हणजे अ पासून ओळीने लावलेले. हा क्रम मराठी माणसाच्या हाताशी आला तो मुख्यतः छापील कोशांतून. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. कोश, शाळा आणि कचेरी या तिन्ही गोष्टी एकाच शतकात आपल्या आयुष्यात शिरल्या. त्यांच्याबरोबर अक्षरक्रमाची ओळही आली.

हुद्द्याची ओळ आणि अक्षराची ओळ

अक्षरक्रम आज इतका साधा वाटतो, की त्याआधी दुसरी एखादी ओळ होती हे आपण विसरतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि येल या कॉलेजांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत विद्यार्थ्यांची यादी घराण्याच्या प्रतिष्ठेप्रमाणे लावत. मोठ्या घरचा मुलगा वर, साध्या घरचा खाली. पुढे ती पद्धत मोडली आणि नावे अक्षरक्रमाने आली. अक्षराला बाप कोण आहे हे कळत नाही, हाच त्याचा गुण ठरला.

आपल्याकडे ओळ घराण्याची नव्हती, जातीची होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टरमधला क्रमांक १९१४. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आता त्या रजिस्टरकडे आणि त्या शाळेकडे एकत्र पाहा. रजिस्टरमध्ये तो इतरांसारखाच एक क्रमांक आहे, १९१३ च्या खाली आणि १९१५ च्या वर. शाळेत मात्र त्याला इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागत होते, आणि तहान लागली तर नळाला हात लावता येत नव्हता. शिपाई नळ सोडील तेव्हा पाणी. आंबेडकर हे आडनाव मराठी अक्षरक्रमात घाला किंवा इंग्रजीत, पहिल्या काही नावांत येते. पण बसायची जागा अक्षराने ठरत नव्हती.

हेच बाबासाहेब १९५४ मध्ये आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब पराभूत झाले. लोकसभेसाठी त्यांनी लढवलेली ही शेवटची निवडणूक. त्या प्रचाराच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत.

आता आपला वर्ग आठवा. आपल्या जिल्ह्यात आडनाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न उमटतो. तो विचारला जात नाही, पण उमटतो. आडनाव ही जातीची चिठ्ठी आहे, हे आपण लहानपणीच शिकतो. हजेरीपटाने त्याच चिठ्ठीचे फक्त पहिले अक्षर वाचले आणि बाकीचे सोडून दिले. म्हणून रहांगडाले, राऊत आणि रामटेके एका बाकावर आले. मडावी, मते आणि मेश्राम एका बाकावर आले. शाळेतल्या माठावर पाणी पिण्याची रांगही नंबराने लागायची. घरी जे एकमेकांच्या ओसरीपुढे गेले नसते, ते सहा-सहा वर्षे एकाच बाकावर कोपराला कोपर लावून बसले आणि एकाच डब्यातली भाकर खाल्ली. गुरुजनांनी हे ठरवून केले की सवयीने, ते ठाऊक नाही. पण झाले खरे.

शेजारच्या नंबराशी मैत्री होते, हे केवळ आपले गोड स्मरण नाही. अमेरिकेत मॅडी सेगल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात याचा अभ्यास केला. तो १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे प्रशिक्षणार्थींच्या खोल्या आणि वर्गातल्या जागा आडनावाच्या अक्षरक्रमाने दिल्या होत्या. जवळचे मित्र कोण, असे विचारले तेव्हा त्यांनी बहुतांश अशांची नावे सांगितली ज्यांची आडनावे अक्षरक्रमात त्यांच्या जवळ होती. आवडीनिवडी, वय, धर्म यांपेक्षा अक्षराचे शेजारपण प्रभावी ठरले. आपल्या व्हॉट्सॲप गटात कोण कोणाच्या पोस्टला सर्वांत आधी उत्तर देतो ते पाहा आणि हजेरी क्रमांक आठवा. मेरीलँडला जाण्याची गरज पडणार नाही.

दोन लिप्या, दोन न्याय

अक्षरक्रम आंधळा आहे, म्हणून तो समान आहे, असे म्हणून थांबता आले असते. पण आंधळा असणे वेगळे आणि न्यायी असणे वेगळे. कोणत्या लिपीचा क्रम घ्यायचा आणि ओळ कुठे कापायची, एवढ्यावरून पारडे फिरते.

आपल्याकडे नेहमी ऐकू येणारी दहा आडनावे घेऊ. मराठी क्रमाने ती अशी लागतात : खोब्रागडे, चोपकर, झोडे, धकाते, बांते, भुरे, मेश्राम, वासनिक, साखरवाडे, हटवार. आता हीच आपण जशी इंग्रजीत लिहितो तशी इंग्रजी क्रमाने लावू : बांते, भुरे, चोपकर, धकाते, हटवार, खोब्रागडे, मेश्राम, साखरवाडे, वासनिक, झोडे. धकाते आणि मेश्राम जागचे हलले नाहीत. हटवार मराठीत शेवटचे होते, ते पाचवे झाले. खोब्रागडे पहिले होते, ते सहावे झाले. सर्वांत वाईट दशा झोडे यांची. विदर्भात झ हा झेड ने लिहायची रीत आहे. त्यामुळे मराठीत तिसऱ्या क्रमांकावरचा माणूस इंग्रजीत थेट शेवटी गेला.

आपल्या शाळेत खालच्या वर्गांत हजेरी मराठी क्रमाने होती आणि नववीपासून, बोर्डाच्या फॉर्मची तयारी म्हणून, इंग्रजी क्रमाने झाली. नववीच्या पहिल्या दिवशी झालेली उलथापालथ आठवत असेल. चार वर्षांच्या जोड्या एका सकाळी तुटल्या. मुले तीच, आडनावे तीच, बदलली होती फक्त लिपी.

आता या दहा जणांचे दोन गट करायचे आहेत असे समजा. सोपा उपाय म्हणून कोणीही अक्षरे मधोमध कापतो. इंग्रजीत ए ते एम आणि एन ते झेड. पहिल्या गटात सात जण, दुसऱ्यात तीन. आता मराठीत कापू. आजच्या मानक वर्णमालेत ५२ वर्ण आहेत, त्यांत ३४ व्यंजने. त्यांचा मध्य येतो थ वर. क ते थ मध्ये तीन जण आणि द ते ळ मध्ये सात. त्याच दहा माणसांची विभागणी इंग्रजीत सात-तीन आणि मराठीत तीन-सात झाली.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंग्रजीत आपले अनेक आवाज एकाच अक्षरात कोंबले जातात. डी मध्ये ड, ढ, द, ध. टी मध्ये ट, ठ, त, थ. बी मध्ये ब आणि भ. के मध्ये क आणि ख. यांतली बरीच अक्षरे इंग्रजी क्रमात पुढच्या भागात आहेत, म्हणून पहिला गट फुगतो. मराठीत ङ, ञ, ण आणि ळ यांवरून आडनाव सुरूच होत नाही. ट-वर्गातलीही मोजकीच. खरी गर्दी असते प, ब, भ, म, र, व, श, स यांच्यावर, आणि ती सगळी अक्षरे उत्तरार्धात आहेत. एकट्या म वर आपल्याकडे अर्धा वर्ग भरतो.

संगणकावर यादी लावली तर आणखी तिसरा क्रम निघू शकतो. युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी अनेक भाषांना सामाईक आहे. तिच्यात ळ ची जागा ल च्या लगेच नंतर, व च्या आधी आहे. आपण ळ शेवटी म्हणतो. म्हणून मराठी क्रमाने कावळे आधी आणि काळे नंतर येतात, पण संगणकाला मराठीचा क्रम वेगळा सांगितला नाही तर काळे आधी येतात. क्षीरसागर यांचे तर विचारूच नका. वर्णमालेप्रमाणे ते क्ष म्हणून सर्वांच्या शेवटी, संगणकाला मात्र ते क मध्ये दिसतात.

यातून एक साधा नियम निघतो. अक्षरे कापू नयेत, माणसे मोजावीत. आधी संपूर्ण यादी अक्षरक्रमाने लावायची, मग एकूण नावांना गटांच्या संख्येने भागायचे, आणि जिथे भाग पडतो त्याच्या जवळच्या अक्षरावर रेघ मारायची. एकच अक्षर फार मोठे असेल तर बाराखडीने कापायचे, म ते मू एकीकडे आणि मे पासून पुढे दुसरीकडे. एकच आडनाव फार मोठे असेल तर त्याच्या पहिल्या नावावरून. मेळाव्याच्या नोंदणीची तीन टेबले समितीने अशीच लावली आहेत. त्यामुळे पहिल्या टेबलावर अ ते न इतकी अक्षरे आणि तिसऱ्यावर फक्त य च्या पुढची दिसली, तर कोणी पक्षपात समजू नये. माणसे सारखीच आहेत.

शेवटच्या नंबराचे काय?

गट समान झाले तरी ओळीला पहिला आणि शेवटचा असतोच. हटवार, साखरवाडे, वासनिक मंडळींना हे कोणी सांगायला नको. तोंडी परीक्षेत त्यांची पाळी येईपर्यंत परीक्षक थकलेले असत. देवी-कॉलऱ्याची लस टोचताना शेवटपर्यंत इतरांचे रडणे ऐकत उभे राहायचे. स्नेहसंमेलनातले लाडू त्यांच्यापर्यंत येताना कधी अर्धे झालेले. उलट अ-आ वाल्यांची तक्रार वेगळी. फळ्यावर गणित सोडवायला पहिला बळी तेच.

मोठेपणी हा प्रश्न लाडवांपुरता राहत नाही. २००६ मध्ये लिरान आइनाव आणि लिएट यारिव्ह या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची पाहणी प्रसिद्ध केली. नामांकित विभागांत कायम नेमणूक मिळण्याची शक्यता अक्षरक्रमात आधी येणाऱ्या आडनावांना जास्त दिसली. अर्थशास्त्रात संयुक्त लेखांवर लेखकांची नावे अक्षरक्रमाने छापतात, त्यामुळे पहिले नाव लक्षात राहते आणि बाकीचे "आणि इतर" होतात. मानसशास्त्रात तशी प्रथा नाही, आणि तिथे हा फरक आढळला नाही.

निवडणुकीतही हेच. १९५२ आणि १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची मतपेटीच वेगळी असे, त्यावर चिन्ह चिकटवलेले. १९६२ पासून एकाच मतपत्रिकेवर सर्वांची नावे आली, आणि लगेच प्रश्न उभा राहिला : वर कोण? आज मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात अक्षरक्रम. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने वेगळी वाट काढली. तेथे प्रत्येक निवडणुकीआधी वर्णमालेतली सर्व अक्षरे चिठ्ठ्या टाकून काढतात. त्या वेळी जो क्रम निघेल तीच त्या निवडणुकीची वर्णमाला. कधी झेड पहिला, कधी ए शेवटचा.

आपल्या शाळेत ही युक्ती चिठ्ठ्यांशिवाय झाली होती. विज्ञानाचे आपले एक सर एका चाचणीला प्रात्यक्षिक पहिल्या नंबरापासून घेत आणि पुढच्या चाचणीला शेवटच्या नंबरापासून. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. कारण त्यांनी कधी सांगितले नाही. आज वाटते, ओळ कायम ठेवून तिचा अन्याय निम्मा करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

मुलींची अक्षरे

आता ज्या बाबतीत या ओळीने सर्वांत जास्त हिरावून घेतले, तिकडे वळू. हजेरीपटावर मुलींची नावे वेगळी लावलेली असत. तरी प्रत्येकीचे एक अक्षर होते, एक क्रमांक होता. मेळाव्याची यादी करायला बसल्यावर मुलांची नावे दोन दिवसांत जमली, मुलींची जमवायला अनेक आठवडे गेले. कारण सरळ आहे. लग्नानंतर त्यांचे आडनाव बदलले, मधले नाव बदलले, काहींचे पहिले नावसुद्धा बदलले. आपण ज्या अक्षराखाली शोधत होतो तिथे त्या नव्हत्याच. भ मधली मैत्रीण ग मध्ये गेली होती, आणि ग मध्ये तिला कोण शोधणार? दाखल-खारीज रजिस्टरमध्ये ती आहे, टीसीवर ती आहे, आणि आजच्या कोणत्याही यादीत त्या नावाने ती नाही. नोकरी, बँक, पासपोर्ट अशा प्रत्येक ठिकाणी शाळेतले नाव आणि आताचे नाव ही दोन एकाच बाईची आहेत हे तिला कागदाने सिद्ध करावे लागले. मुलांपैकी कोणावर ही वेळ आली नाही.

मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने एक निर्णय घेतला. १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शाळेच्या आणि इतर सरकारी कागदपत्रांत आता वेगळ्या क्रमाने लिहायची. आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, आणि शेवटी आडनाव. १ मे २०२४ पासून तो लागू झाला. विवाहित स्त्रीचे नाव पतीच्या नावासह लिहिण्याची पद्धत तशीच राहिली, मात्र मालमत्तेच्या दस्तऐवजावर विवाहापूर्वीचे नाव लावण्याची मुभा तिला मिळाली.

आईचे नाव कागदाच्या ओळीत आले, ही मोठी गोष्ट आहे. पण हजेरीपटाच्या दृष्टीने त्यात आणखी एक बदल दडलेला आहे. नाव पहिल्या नावापासून सुरू झाले, तर यादीही पहिल्या नावाने लागू शकते. आइसलँड देशात टेलिफोनची यादी पूर्वीपासून पहिल्या नावानेच लावतात, आणि तिथे कोणाचे काही अडत नाही. आपल्याकडेही तसे झाले, तर बाकावरचे शेजारी ठरवायला आडनाव लागणार नाही. जातीच्या चिठ्ठीचे पहिले अक्षरसुद्धा कोणी वाचणार नाही. आणि लग्नानंतर मुलगी हजेरीपटावर होती त्याच अक्षराखाली सापडेल. पहिले नाव तेवढे तिने बदलू दिले नाही पाहिजे.

आपण मात्र आडनावाच्या ओळीत वाढलो. त्या ओळीने कोणाची पत न पाहता आपल्याला एकमेकांशेजारी बसवले, हे तिचे ऋण आहे. म्हणून या स्मरणिकेतली यादी आडनावानेच, मराठी अकारविल्हे क्रमाने लावली आहे. प्रत्येक मैत्रिणीचे नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये होते तेच आधी छापले आहे, त्याच अक्षराखाली आणि त्याच शेजारणीच्या मागेपुढे. आताचे नाव त्याच्या पुढच्या रकान्यात आहे. जे आपल्यातून गेले त्यांचा क्रमांकही वगळलेला नाही. त्यांच्या नावापुढचा रकाना तेवढा रिकामा ठेवला आहे.